साहेबाचा ढीग

मोहा तांडा, ता. कळमनुरी
१२ जानेवारी २००४

चि. शिला हिस काकीचा आशीर्वाद.

त्या सकाळी मी गोठ्यातलं शेण काढून उकिरड्यावर टाकलं, चूल पेटवली, दोन भाकरी थापल्या आणि तिसरी तव्यावर टाकून मिरची वाटायला बसले. ताक आदल्या दिवशीचं होतं. तुझे काका दारात बसून कुऱ्हाडीचा दांडा काचेनं घासत होते, हाताला टोचतो म्हणून. शेळी सुटून अंगणात आली, तिला मी परत बांधलं. काका उठले तेव्हा मी म्हणाले, खाऊन जा. ते म्हणाले, ढिगापाशी ट्रॅक्टर उभा राहिलाय म्हणतात, बघून येतो, मग खातो. भाकर मी टोपलीत झाकून ठेवली.

काहीही लिहायला बसले की आधी ही सकाळ येते. ती लिहून टाकल्याशिवाय पुढचं सुचत नाही. म्हणून लिहिली.

तुझं पत्र मिळालं. तू ज्या म्हातारीची सेवा करतेस, तिच्या सासरचा कोणी पूर्वज हिंगोलीच्या छावणीत कप्तान होता आणि आपल्या बाजूला मेला, हे वाचून मी थोडा वेळ पत्र खाली ठेवलं. ती आपल्या घराण्याचा इतिहास जमवून राहिली, वाडा कोणाकडून कोणाकडे आला ते शोधून राहिली, आणि तू विचारतेस की तांड्यात कोणाला त्या साहेबाबद्दल काही माहीत आहे का.

सगळ्यांना माहीत आहे. नाल्याकाठचा दगडांचा ढीग तू लहानपणी पाहिलास, तो त्याचाच. पण त्याची गोष्ट तांड्याच्या लेकींना सांगत नाहीत. लेकी दुसऱ्या तांड्यात जातात. ती सुनांना सांगतात, लग्न होऊन आल्या त्या दिवशी. तू तर शिकायला नांदेडला गेलीस आणि तिथूनच परदेशी. म्हणून तुला ठाऊक नसणार. मी तुला सांगावं की नाही, याचा विचार करते आहे.

एक मात्र सांगते, ते तुला अर्धवट ठाऊक आहे. तुझे काका त्याच ढिगापाशी मारले गेले. कागदावर ते विहिरीत पाय घसरून मेले आहेत. चौदा वर्षं झाली. योगेश आता मोठा झाला, नांदेडला गाडी चालवतो, माझ्यावर कोणाचं ओझं नाही. तो कागद खोटा आहे एवढं कोणीतरी लिहून घ्यावं, याशिवाय मला दुसरं काही नको.

पत्र पूर्वीसारखंच आखाडा बाळापूरला शेषराव गुरुजींच्या पत्त्यावर पाठव. तांड्यात टपाल आधी नायकाच्या घरी जातं. फोनही तिथंच आहे.

तुझी काकी
रुख्मिणीबाई

मार्लकोम हाऊस, इंग्लंड
२० फेब्रुवारी २००४

ती. काकीस शिलाचा नमस्कार.

काकी, इथे अजून बर्फ आहे. सकाळी बाईंना अंघोळ घालून खिडकीपाशी बसवते, तेव्हा बाहेरचं सगळं कापसाच्या रानासारखं दिसतं. बाईंचं वय एक्क्याऐंशी. नाव एडिथ गारलँड. कमरेखाली पाय चालत नाहीत, पण डोकं माझ्यापेक्षा तल्लख आहे. वाड्याला चाळीसेक खोल्या असतील, वापरात पाच. एक लांब ओसरी आहे, तिच्या भिंतीवर सगळ्या मालकांची मोठी चित्रं लावलेली. बाई खुर्चीतून एकेकापाशी मला थांबवतात आणि कोण कोणाचा मुलगा, कोणी शिकार केली, कोणी जुगारात रान घालवलं, सगळं सांगतात. तो कप्तान थोरला मुलगा होता. वाडा त्याला मिळायचा. तो हिंगोलीला मेला म्हणून धाकट्या भावाला मिळाला, आणि पुढचे सगळे त्या धाकट्याचे वंशज.

त्याच्या चित्राखाली पितळी पाटी आहे. लुटारूंपासून व्यापारी रस्त्याचं रक्षण करताना वीरमरण, असं लिहिलंय. आणि पाटीशेजारी एक फोटो आहे. आपल्या बायका! आरशांच्या चोळ्या, हातभर हस्तिदंती चुडे. नाल्याकाठी उभ्या आहेत आणि एक नवी नवरी ढिगावर दगड ठेवते आहे. बाईंचे सासरे तरुणपणी हिंगोलीला फिरायला गेले होते, तेव्हा त्यांनी काढला. ते सांगायचे, इतकी वर्षं झाली तरी तिथले लोक आपल्या माणसाला विसरले नाहीत, प्रत्येक नवरी त्याला दगड वाहते. दर नाताळात जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट निघते.

मी बाईंना सांगितलं, हा माझा तांडा आहे, आणि नवऱ्या अजून दगड वाहतात. त्या रडल्या काकी. माझा हात धरून बसल्या. आता त्यांचा नातू दिवाळीनंतर तिकडे येणार आहे, संगमरवरी पाटी घेऊन. तिच्यावर लिहायचं आहे की इथले लोक आजही ह्याचा मान राखतात. बाईंनी नायकांनाही इंग्रजीतून पत्र लिहिलंय, सोबत मी मराठीत करून दिलं.

मला वाटलं तुला बरं वाटेल. पाटी बसली की ढिगाला कोणी हात लावणार नाही. काकांना तेच हवं होतं ना? त्यांचं जे झालं ते फार वाईट झालं, पण काकी, जुनं उकरून तूच आजारी पडशील. लेकींना जे सांगत नाहीत ते मला नाही सांगितलंस तरी चालेल. मी इथे आहे ती बाईंच्या मर्जीवर आहे.

तुझी
शिला

मोहा तांडा
३ मे २००४

चि. शिला,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. आधी राग आला. मग लक्षात आलं की तुझी चूक नाही, कारण तुला कोणी सांगितलंच नाही. आज सांगते. लेकीला सांगू नये हा रिवाज मोडते आहे, त्याचं पाप माझ्यावर.

आपले लोक तेव्हा बैलांच्या पाठीवर धान्य वाहायचे. वऱ्हाडातून ज्वारी भरून तांडा इथं नाल्याकाठी उतरला होता. त्या साहेबाला तोफा ओढायला बैल हवे होते. तेव्हाचा नायक म्हणाला, लोकांचा माल आहे, पोचवून येतो, मग घ्या. वाटेत गोण्या उतरवायच्या नाहीत हा आपल्या धंद्याचा शब्द होता. साहेबाने सांगितलं, हे लुटारू आहेत. नायकाला आणि सहा जणांना मोहाच्या झाडांना फाशी दिलं. त्यांच्या बायकांना समोर उभं केलं आणि जिने तोंडावर ओढणी घेतली तिची ओढणी शिपायांनी ओढली. एका माणसाचं वजन कमी होतं, जीव जाईना. शिपाई त्याच्या पायांना लोंबकळला. त्या माणसाच्या बायकोने हे डोळ्यांनी पाहिलं.

बैल घेऊन साहेब गेला. पण आपले बैल आपल्या माणसाच्या हाकेशिवाय पाऊल टाकत नसत. मारून मारून चार मेले, बाकीचे बसून राहिले. मग साहेब दोन स्वार घेऊन परत आला, बैल हाकायला पोरं घेऊन जायला. बायका नाल्याच्या वळणावर बसल्या होत्या, ओढणीच्या पदरात दगड बांधून. पहिला दगड, ज्याचा जीव जात नव्हता त्या माणसाच्या बायकोचा, तो साहेबाच्या दातांवर बसला. स्वार पळाले. साहेब हात जोडत होता म्हणतात, तोंड फुटल्यामुळे काय बोलला ते समजलं नाही. त्याचा हात हलायचा थांबला तरी बायका थांबल्या नाहीत. तो दिसेनासा होईपर्यंत टाकत राहिल्या. घोडा सोडून दिला, घोड्याने काही केलं नव्हतं. पुढे पलटण आली आणि तिने तांडा जाळला, दोन म्हाताऱ्या आत जळाल्या.

म्हणून नवी सून घरात पाऊल टाकायच्या आधी ढिगापाशी जाते आणि डाव्या हाताने दगड मारते, तिच्यामागून बाकीच्या सुनाही. वाहत नाही, मारते. सासू तिच्या कानात फाशी गेलेल्यांची नावं सांगते. मी मारला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि माझा दगड खाली घरंगळला, तर सासूने पुन्हा मारायला लावला. तुझ्या बाईच्या सासऱ्याने जो फोटो काढला, तो मान नाही.

आता तुझ्या काकांचं.

रस्त्याच्या कामाला दगड लागत होता. नायक भावसिंगचा मुलगा देविदास ढीग उचलून ट्रॅक्टरमध्ये भरत होता. अर्धा ढीग गेला होता. काका ट्रॅक्टरपुढे उभे राहिले. भाकर खायला आले नाहीत म्हणून मी भाकर फडक्यात बांधून निघाले. नाल्याच्या या काठावर होते, पाणी नव्हतं, सगळं स्पष्ट दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

देविदास म्हणाला, "काहून आडवा येऊन राहिलास? दगडच हायेत ना?"

काका म्हणाले, "दगड न्हाईत ते. आपल्या आज्यांचे हात हायेत."

देविदास हसला. म्हणाला, मग आज्यांना सांग गाडी भरायला. काकांनी ट्रॅक्टरच्या चाकापुढे कुऱ्हाड आडवी टाकली, भांडण नको म्हणून हातातली खाली टाकली, शिला. देविदासने तीच उचलली. तिचा तुंबा, मागची बोथट बाजू, डोक्यात घातला. लाकूड फुटतं तसा आवाज झाला. काका गुडघ्यावर बसले, त्याने पुन्हा घातला. मी ओरडत नाला उतरत होते. तेवढ्यात भावसिंग आला. त्याने वाकून नाकापुढे हात धरला आणि म्हणाला, "जिता हाय." मला वाटलं आता गाडीत घालून दवाखान्यात नेतील. दोघांनी खांद्याला आणि पायाला धरून उचललं आणि बाजूच्या विहिरीत टाकलं. काकांचा एक हात विहिरीच्या काठाला अडकला होता. भावसिंगने तो पायाने सोडवला.

ते पाण्याने मेले. कुऱ्हाडीने नाही. टाकले तेव्हा जिवंत होते. हे नीट लिहिलं जावं म्हणून तुला दोनदा लिहिते.

पुढे काय झालं ते रिवाजाने झालं. नायकाच्या घरातल्या बायकांनी मला धरून झोपडीच्या कोपऱ्यात बसवलं, तोंडावर ओढणी टाकली. विधवेने तेरा दिवस बाहेरच्या पुरुषाशी बोलायचं नाही. पोलीस आले, नायकाच्या बाजेवर बसले. तांड्याच्या वतीने नायक बोलतो. आत बसून मी ऐकत होते, भावसिंग सांगत होता की रतनसिंग पाय घसरून पडला. मी ओढणीतून ओरडले तर बाहेर म्हणाले, नवरा मेला, बाई भ्रमिष्ट झाली. तेराव्यानंतर देविदासने योगेशला खांद्यावर बसवलं आणि विहिरीच्या काठावर फिरवून आणलं. पोराला गंमत वाटली. मला कळायचं ते कळलं.

तू म्हणतेस पाटी बसली तर ढीग राहील. इथं काय चाललं आहे ते ऐक. बाईचं पत्र आल्यापासून भावसिंग तांडाभर सांगतो आहे की गोरे लोक येणार, मंत्री येणार, पक्का रस्ता होणार. ढीग मोठा दिसावा म्हणून प्रत्येक घराने दगड आणून टाकायचा हुकूम आहे. देविदास त्याच ट्रॅक्टरने दगड आणून टाकतो आहे. सटवाजी भाटाला बोलावलं, जो दरवर्षी येऊन आपल्या वंशावळी गातो. त्याला सांगितलं, पाहुण्यांपुढे साहेबाचं गाणं गा, पण त्यात साहेब चांगला कर. सटवाजी म्हणाला, नायक, मी बापाकडून जसं घेतलं तसं देतो, माझ्या घरचं त्यात काही नाही. देविदासने त्याची सारंगी घेऊन त्याच्याच तोंडावर मारली. पुढचे दात पडले. माणूस रक्त थुंकत बाळापूरच्या रस्त्याने चालत गेला. मी पाणी घेऊन मागे गेले.

तुझी नोकरी जाईल तर जाईल असं मी म्हणणार नाही. तुझं पोट तिथं आहे. पण त्या म्हातारीला तू सांगितलेलं खोटं आहे हे तुला आता माहीत झालं. पुढचं तू बघ.

काकी

मार्लकोम हाऊस
११ जून २००४

काकी,

तुझं पत्र मी आधी लपवलं. गादीखाली ठेवलं होतं. बाईंनी दोनदा विचारलं, तुझ्या काकीने काय लिहिलं, तर मी म्हणाले उन्हाळा फार आहे. तिसऱ्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या पुन्हा नाताळची गोष्ट सांगायला लागल्या. माझ्याने ऐकवेना. पत्र आणलं आणि ओळीओळीने इंग्रजीत सांगितलं. साहेबाचंही आणि काकांचंही. विहिरीच्या काठाला अडकलेल्या हाताच्या जागी मी थांबले, तर त्या म्हणाल्या, पुढे वाच.

दिवसभर त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी तो फोटो भिंतीवरून काढून मांडीवर घेतला आणि भिंग लावून बघत बसल्या. मग मला जवळ बोलावलं आणि दाखवलं. फोटोत एकही बाई हसत नाही. आणि सगळ्यांच्या डाव्या हातात दगड आहे. म्हणाल्या, साठ वर्षं मी हा फोटो रोज पाहते. कधी कोणाच्या हाताकडे पाहिलं नाही.

त्यांच्याकडे घराण्याची मोठी वंशावळ आहे, स्वतः काढलेली. कप्तानाच्या नावापुढे वीरमरण लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं आणि लिहिलं की ज्यांना त्याने फाशी दिलं त्यांच्या बायकांनी मारला. मग म्हणाल्या, त्यांनी मारला नसता तर हा वाडा त्याच्या मुलांना गेला असता, माझ्या नवऱ्याच्या घराण्याला नाही. आम्ही सगळे त्या बायकांच्या दगडांवर बसलो आहोत. त्यांना फाशी गेलेल्यांची नावं हवी आहेत.

नायकांना त्यांनी पत्र पाठवलंय की पाटी येणार नाही, कारण खरं काय ते कळलं. मी म्हणाले, असं लिहू नका, काकी तिथं एकटी आहे. पण त्यांनी लिहिलं होतं आणि नातवाने पेटीत टाकलंही होतं. काकी, सांभाळून राहा. योगेशकडे जा.

नातू माझ्याकडे पाहत नाही आता. मला इथे कामाला पाठवणाऱ्या एजन्सीला कळवलंय, बाईंसाठी दुसरी नर्स हवी. मला पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात पाठवतायत. रडू नकोस, काम काम आहे.

काल रात्री बाईंनी मला एक गोष्ट विचारली, ती तुला लिहिते, उत्तर तुझ्याकडेच असेल. म्हणाल्या, "त्या बायकांना लिहिता येत नव्हतं म्हणून पाटी आमच्या लोकांनी लिहिली. तुझ्या काकीला लिहिता येतं. मग तिने हे फक्त तुलाच का लिहिलं?"

शिला

आखाडा बाळापूर
२ ऑगस्ट २००४

चि. शिला,

हे पत्र शेजारच्या रूपाबाईची मुलगी पुजा लिहिते आहे, मी सांगते तसं. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस.

बाईचं पत्र आलं तेव्हा भावसिंगने ते कळमनुरीच्या एका मास्तराकडून वाचून घेतलं. इंग्लंडला तांड्यातलं कोण आहे आणि त्याला इथून कोण लिहितं, हे समजायला त्याला वेळ लागला नाही. मंत्र्याच्या माणसाला सांगून ठेवलं होतं, मंडप ठरवला होता. सगळीकडे हसं झालं.

देविदास दुपारी आला. मी ओट्यावर तूर निवडत होते. चार बायका समोर होत्या. त्याने सूप पायाने उडवलं, मला केसाला धरून खाली पाडलं आणि माझा हात जमिनीवर दाबून मनगटावर बुटाचा पाय दिला. दोनदा. म्हणाला, "लई लिहितीस ना? लिही आता." रूपाबाई मध्ये पडली, तिलाही एक लाथ बसली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काकांना मारताना त्याचं तोंड मला दिसलं नव्हतं, तो पाठमोरा होता. आता समजलं ते कसं असेल.

संध्याकाळी भावसिंगनेच जीप काढली, रूपाबाई माझ्याबरोबर बसली. त्याला बाहेर बोभाटा नको होता. कळमनुरीच्या दवाखान्यात तो माझ्यामागे उभा राहिला, खांद्यावर पांढरं उपरणं टाकून. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, काय झालं बाई. माझ्याआधी भावसिंग बोलला, ओट्यावरून पडली साहेब, म्हातारं माणूस. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि लिहायला पेन टेकवलं.

तुझ्या बाईने विचारलं होतं की मी फक्त तुलाच का लिहिलं. पुष्कळ दिवस मी त्याचं उत्तर जुळवत होते. योगेश लहान होता, मी एकटी होते, नायकाशिवाय तांड्यात पाणी मिळत नाही. हे सगळं खरं आहे. पण डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं पाहिलं आणि मला दिसलं की मी पुन्हा ओढणीखाली बसले आहे आणि बाजेवर नायक बोलतो आहे. या वेळी माझ्या तोंडावर ओढणी नव्हती.

मी म्हणाले, "पडले न्हाई. ह्याच्या पोरानं मोडला."

डॉक्टरांनी वर पाहिलं. भावसिंग म्हणाला, भ्रमिष्ट आहे ती, नवरा मेल्यापासून. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा. भावसिंग हलला नाही. डॉक्टरांनी शिपायाला बोलावलं, तेव्हा गेला. मग त्यांनी विचारलं आणि मी सांगितलं, आणि मी जे म्हणाले तेच त्यांनी लिहिलं, मला वाचून दाखवलं. बुटाचा व्रण किती लांब आहे तेही मोजून लिहिलं. रूपाबाई म्हणाली, मीही पाहिलं. तिचंही नाव लिहिलं.

रात्री आम्ही दोघी दवाखान्याच्या ओसरीतच झोपलो, तांड्यात परत जाता येणार नव्हतं. रूपाबाईला भीती वाटत होती. म्हणाली, मनगटाचं झालं ना लिहून, आता तेवढ्यावर थांब, हे लोक तुला जितं ठेवणार न्हाईत. मी म्हणाले, मनगटासाठी मी बोलले नाही.

म्हातारीला माझा नमस्कार कळव. तिने खोडलं हे चांगलं केलं. फाशी गेलेल्यांची नावं मात्र पाठवत नाही. ती दगड मारताना कानात सांगायची असतात, भिंतीवर लावायची नसतात. तिला वाईट वाटलं तर वाटू दे. तू कधी आलीस तर तुला सांगेन, लेक असलीस तरी.

योगेशला कळवलं आहे, तो येतो आहे. मी सध्या बाळापूरला शेषराव गुरुजींकडे आहे, रूपाबाई आणि पुजाही इथेच आहेत. इथून कुठं जायचं ते ठरलेलं नाही. तांड्यातलं घर बंद आहे, शेळी रूपाबाईच्या दिराकडे आहे.

दवाखान्याच्या ओसरीत त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळमनुरीच्या ठाण्यात गेले, फौजदारांसमोर बसले आणि रतनसिंगला देविदासने कुऱ्हाडीने मारलं, आणि जिवंत असताना भावसिंगने आणि त्याने मिळून विहिरीत टाकलं, असं सांगितलं.

काकी
रुख्मिणीबाई